न दिसणाऱ्याचा ठाव

दरवर्षीं वैशाखांत आमचें सारें कुटुंब पारनेर तालुक्यांतील मूळ गांवीं एकत्र जमतें. यंदा मात्र आमच्यावर एक अवघड कामगिरी येऊन पडली होती. आमच्या धाकट्या पुतणीनें पदार्थविज्ञानाची पदवी उत्तम रीतीनें मिळविली. चांगल्या पगाराची नोकरी चालून आली. आणि ती नाकारून विश्वांतील ‘अदृश्य द्रव्या’चें संशोधन करण्याचें तिनें मनांत आणिलें. “जें कोणास दिसत नाहीं, त्याच्यापायीं उमेदीचीं वर्षें घालवायचीं?” असें वहिनींनीं डोळ्यांत पाणी आणून विचारलें, आणि मुलीची समजूत घालण्याचें आम्हीं कबूल केलें.

दुसरे दिवशीं तिला घेऊन आम्ही निघोजच्या कुंडावर गेलों. उन्हाळ्यांत कुकडीचें पात्र आटलें म्हणजे काळ्या खडकांतील ते प्रचंड रांजणखळगे उघडे पडतात. भोवऱ्यांत सांपडलेल्या गोट्यांनीं हजारों वर्षें गरगर फिरून ते कोरले, हें वाचकांस ठाऊक असेलच. आम्ही उपदेशास आरंभ करणार, तोंच तिनें विचारलें, “काका, हा खळगा पडतांना कोणीं पाहिला का?”

“नाहीं, पण खडकाची झीजच सांगते कीं!”

“मग माझेंही काम तेंच आहे,” असें म्हणून तिनें पैलतीराकडे हात केला.

पैलतीर पुणें जिल्ह्याचा. त्याच जिल्ह्यांत, जुन्नर तालुक्यांतील खोडद येथें, कै. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकारानें उभारलेली महाकाय रेडिओ दुर्बीण आहे; ४५ मीटर व्यासाच्या तिच्या ३० तबकड्या सुमारें २५ किलोमीटरांच्या परिसरांत पसरल्या आहेत. सप्तर्षींच्या दिशेस सुमारें एक कोटी प्रकाशवर्षें दूर असलेली ‘एनजीसी ३७४१’ ही ठेंगणी दीर्घिका या दुर्बिणीनें न्याहाळली. आयेशा बेगम, जयराम चेंगलूर व इगोर काराचेन्त्सेव्ह यांनीं २००५ सालीं दाखवून दिलें कीं, तिचा हायड्रोजन वायु तिच्या ताऱ्यांच्या प्रकाशाहून आठपटींपेक्षां अधिक दूरवर पसरला आहे, आणि अगदीं कडेचा वायुही इतक्या वेगानें फिरतो कीं, दिसणाऱ्या द्रव्याच्या ओढीनें तो धरून ठेवणें शक्य नाहीं. गोफणींतील धोंडा जोरानें फिरूनही सुटत नाहीं, तेव्हां दोरी बळकट आहे हें उघड आहे. येथें ती दोरी दिसत नाहीं, एवढेंच.

ही दोरी कशाची? एक तर्क ‘अ‍ॅक्सिऑन’ नांवाच्या कणाचा आहे. १९७७ सालीं रॉबर्तो पेच्ची व हेलन क्विन यांनीं अणुगर्भांतील बलाविषयींचें एक कोडें सोडविण्यासाठीं उपपत्ति मांडली. तींतून हा कण निघाला. फ्रँक विल्चेक यांनीं त्याला चक्क कपडे धुण्याच्या एका साबणाचें नांव दिलें. कारण त्याच्या योगें शास्त्रांतील एक डाग धुऊन निघत होता! हा कण इलेक्ट्रॉनाहून अब्जावधि पटींनीं हलका असावा. तरी त्याचे लघुग्रहाएवढ्या वस्तुमानाचे पुंजके अवकाशांत बनलेले असूं शकतील. त्याचे कांहीं कल्पित भाऊबंद तर याहूनही इतके हलके मानले आहेत कीं, ते हजारों प्रकाशवर्षें लांबीच्या लाटेसारखे वागतील. लाटेला तिच्या लांबीहून अरुंद जागेंत कोंबतां येत नाहीं. म्हणून अशा द्रव्याचे फार लहान पुंजके बांधलेच जाणार नाहींत, आणि ठेंगण्या दीर्घिकांच्या मध्यभागीं त्याची दाटी सौम्य राहील. मोठ्या दीर्घिकेंत ताऱ्यांच्याच भाराचा गलबला फार. म्हणून या वादाचा निवाडा लहानांच्या दारींच व्हावयाचा.

“आणि हा अ‍ॅक्सिऑन मुळांत नसलाच तर?” आम्हीं हुकमाचें पान टाकलें.

“तर तो नाहीं, हें कळेल. तेंही कोणीतरी शोधलेंच पाहिजे ना, काका? त्या अतिहलक्या कणांच्या कल्पनेला निरीक्षणांनीं आतांच बरीच कात्री लावली आहे.”

आम्ही निरुत्तर झालों. खरें सांगावयाचें तर लाजलोंही. तरुणपणीं आम्हांस संस्कृताचा अभ्यास करावयाचा होता. “उपयोग काय?” असें वडिलांनीं विचारलें, आणि आम्हीं मुकाट्यानें बँकेची नोकरी धरली. त्याची हळहळ आम्हीं घरांत कधीं बोलून दाखविली नाहीं. पण ती नाहीं, असें नव्हे.

रात्रीं अंगणांत अंथरुणें पडलीं. उत्तरेस सप्तर्षी उंच आले होते. मुलीनें आमच्या वृद्ध मातुश्रींस बोटानें त्या दीर्घिकेची दिशा दाखविली. त्यांनीं बराच वेळ टक लावून पाहिलें.

“मला कांहीं दिसत नाहीं, गं. तुला दिसतें?”

“नाहीं, आजी.”

“मग शोध हो. सांपडलें म्हणजे आधीं मला सांगायला ये.”

वहिनी कांहींच बोलल्या नाहींत. आम्हीं त्यांना एवढेंच सांगितलें कीं, समजूत घालावयास गेलों होतों. ती आमचीच पटली. पहाटे उठून पाहतों तों, मुलीच्या पुण्याच्या डब्यांत वहिनी बेसनाचे लाडू भरीत बसल्या होत्या.