तांदळाच्या डब्यातील पंप

आमचे बालपण पेण येथे गेले. घरालगतच गणपतीच्या मूर्तींचा कारखाना होता. मूर्ती घासण्याचे काम सुरू झाले, की प्लास्टरची पांढरी धूळ ओटीवर येऊन बसे आणि रात्री आमच्या छातीत शीळ वाजू लागे. घरची मंडळी त्यास ‘सर्दी’ म्हणत. दमा हा शब्द उच्चारण्याची सोय नव्हती; उद्या धाकट्या बहिणीचे लग्न अडेल, ही आईची चिंता! बहीण तेव्हा पाच वर्षांची होती.

डॉक्टरांनी पंप लिहून दिला; सवय लागेल, या भयाने आईने तो तांदळाच्या डब्यात लपविला. गोळ्या मात्र ती निःशंकपणे देई. वस्तुतः साल्ब्युटामॉलच्या ४ मिलिग्रॅमच्या एका गोळीत १०० मायक्रोग्रॅमच्या ४० फवाऱ्यांइतके औषध असते. गोळी रक्तावाटे सर्वांगात हिंडते. फवारा थेट श्वासनलिकांत उतरतो. चाळिसांचे भय नाही, एकाचे भय!

पुढे शिक्षणार्थ आम्ही रोह्यास मामांकडे राहिलो. वर्गातील सोबती आमच्या तांब्यातले पाणी पीत ना. दमा संसर्गाने होत नाही, हे आम्ही त्यांस सांगावे, तर आम्हांसच ते कोठे ठाऊक होते? एके दिवशी खेळाच्या तासास श्वास कोंडला, ओठ निळे पडले. पंप पेणला, तांदळात! गुरुजींनी उचलून दवाखान्यात नेले, म्हणून निभावले.

त्याच सायंकाळी आई एस. टी.ने आली. पदराआडून तिने पंप काढला. त्याच्या तोंडाशी तांदळाचे दोन दाणे अडकले होते. ते नखाने काढून तिने तो मुकाट्याने आमच्या हाती दिला.