तिसऱ्या भावाची वाटणी

प्रेमकथेत लग्न लागलं की गोष्ट संपते, हा नियम आमच्या पिढीनं मुकाट्यानं मान्य केला होता. मोबाइलवर भागाभागानं येणाऱ्या कथामालिकांनी तो मोडला. थोरल्याच्या डोक्यावर अक्षता पडतात न पडतात तोच मधल्याचं कुणाशी तरी वाजलेलं असतं, आत्याची मुलगी परदेशातून यायला निघालेली असते, आणि थोरला-थोरली पुढचे पन्नास-साठ भाग दिवाणखान्यात चहा पीत, सगळ्यांना सल्ले देत बसलेली असतात. पुढचा भाग हवा तर ॲपची विकतची नाणी मोजा, नाहीतर उद्यापर्यंत कळ काढा.

आमच्या गल्लीत मागासाठी सुताच्या कांड्या भरायला जाणारी एक शेजारीण आहे. दुपारच्या सुट्टीत ती परवा दारातूनच ओरडली, "वैनी, मधल्याचं जमलं बघा एकदाचं!" तिच्या मधल्या दिराचं बरेच दिवस जमत नव्हतं, म्हणून मी हातातलं काम टाकून बाहेर आले. तर ती म्हणाली, "त्याचं न्हवं वो, आमच्या मालिकेतल्या मधल्याचं."

आमचं गाव इचलकरंजी, आणि ते नाव काढलं की बाहेरच्यांना माग आठवतात. ते बरोबरच आहे. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इथं पहिला यंत्रमाग आणला आणि आज लाखाच्या वर मागांचा खडखडाट आहे. पण यंत्रमाग यायच्या कितीतरी आधी, १८७० पासून, इथं वाचनालय आहे. तेच आजचं आपटे वाचन मंदिर. १९७४ चं साहित्य संमेलनही इथंच झालं, पु. ल. देशपांडे अध्यक्ष होते. तेव्हा हे गाव वाचतं, याचा पुरावा द्यायला नको. काय वाचतं, ते मात्र संमेलनाच्या मांडवात कळत नाही. कुठल्याही वाचनालयात जाऊन कोणत्या पुस्तकांची बांधणी पुन्हापुन्हा करावी लागते ते बघावं. ती बहुतेक वेळा प्रेमाचीच असतात.

भागाभागानं वाचणं आपल्याला नवं नाही. हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये 'करमणूक' साप्ताहिक काढलं आणि 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी त्यातून क्रमशः दिली. तिच्यातल्या यमूचं पुढं काय झालं, यासाठी वाचक तेव्हाही पुढच्या अंकाकडे डोळे लावून बसत होते. पण यमूला छळत होतं ते घरच. पुढं ना. सी. फडके आले. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात त्यांनी शिकवलं, म्हणजे आमच्या शेजारचेच. त्यांच्या प्रेमिकांना घराची फारशी अडचण होत नाही, कारण घर बाजूला सरकून उभं असतं. चंद्रकांत काकोडकरांच्या पुस्तकांना तर वर्तमानपत्राचं कव्हर घालूनच वाचावं लागे. 'रंभा'च्या १९६२ च्या दिवाळी अंकातल्या त्यांच्या 'श्यामा'वर अश्लीलतेचा खटला झाला आणि १९६९ मध्ये थेट सर्वोच्च न्यायालयात ते सुटले. एवढा खटाटोप करून न्यायालयानं वाचलेली दुसरी मराठी प्रेमकथा मला तरी आठवत नाही. सांगायचं एवढंच की आपल्या प्रेमकथेत घर कधी आडवं आलं, कधी बाजूला झालं. बक्षीस म्हणून मिळालं नव्हतं.

आता ते मिळतं. नायिका बहुधा पोरकी किंवा काकाच्या घरी वाढलेली. तिला नायक मिळतो हे ठीकच; खरं म्हणजे तिला मिळते ती आजी, दोन दीर, एक खट्याळ नणंद आणि चुकूनही टोमणा न मारणारी सासू. अमेरिकेत हा घाट जुना आहे. नोरा रॉबर्ट्स यांनी १९८५ मध्ये मॅकग्रेगर घराण्याची मालिका सुरू केली. त्यातला म्हातारा डॅनिअल मुलांची लग्नं जुळवायला खुशाल डाव टाकतो आणि ती झाली की नातवंडांच्या मागे लागतो. त्याला धोतर नेसवून हातात काठी दिली की आमच्या मालिकांतले आजोबा तयार.

लिहिणाऱ्यांचं कसब मला कबूल आहे. मागावरचा उभ्या धाग्यांचा बीम संपत आला की वहिफणीवाले नव्या बिमाचा एकेक धागा जुन्याच्या टोकाला जोडतात, म्हणून माग पुन्हा मुळापासून भरावा लागत नाही. इथंही तसंच. मधल्याच्या गोष्टीची टोकं थोरल्याच्या लग्नातच सोडून ठेवलेली असतात. वाचणारीला नव्या घरात शिरल्यासारखं वाटतच नाही. कुठला जिना कुठं जातो, आजी कशावर रुसते, सगळं तिला ठाऊक असतं. नव्या सुनेपेक्षा ती त्या घरात जुनी असते.

पण शेजारणीला त्यात नेमकं काय गोड लागतं, यावर मी बराच विचार केला. नायकाची श्रीमंती? ती तर तिला हसण्यासारखी वाटते. "दिवसभर हापिसात प्रेमच करतोय, कंपनी कोण चालवतंय?" असं तीच विचारते. शृंगार ती भराभर सरकवते. थांबते ती रात्रीच्या जेवणाच्या प्रसंगाशी. बारा-पंधरा माणसं एका टेबलाभोवती, आणि कुणाच्याच तोंडी वाटणीचा शब्द नाही.

आमच्या गावात राहिल्याशिवाय याची किंमत कळायची नाही. बापानं सोळा मागांची शेड उभी केलेली असते. दोन भाऊ असतील तर मधोमध भिंत पडते, आठ इकडे, आठ तिकडे. वीजमीटर वेगळं, दार वेगळं, आणि गणपतीत कुणाच्या दारी आरती आधी, यावर धुसफूस. तीन भाऊ असले तर सोळाला तीननं भाग जात नाही, तिथून खरं महाभारत सुरू होतं. त्यात बहुतेक जण खर्चीवाले, म्हणजे दुसऱ्याच्या सुतावर मजुरीनं कापड विणून देणारे. बाजार पडला की मजुरी उतरते, घरात पैसा कमी येतो आणि कालपर्यंत गोड बोलणारी जाऊ हिशेबाची वही मागते. यात वाईट कुणीच नसतं. सोळा मागांवर तीन संसार चालत नाहीत, इतकंच.

मालिकेतल्या बंगल्याला मात्र अशी भिंत कधी पडत नाही. चार भाऊ, चार सुना, एक स्वयंपाकघर. पंधरा जणांची भांडी कोण घासतं, याचा पत्ता कुठल्याच भागात लागत नाही. बहुधा तीही प्रेमानं आपोआप घासली जात असावीत. टीका करणारे म्हणतात, या गोष्टी बायकांना खोट्या राजकुमाराचं वेड लावतात. मला वाटतं, राजकुमार हे निमित्त आहे. वेड आहे ते न फुटलेल्या घराचं, आणि ते पुरुषांनाही तितकंच असतं. फक्त ते कबूल करत नाहीत.

तरी एक खोड जात नाही. मी शेजारणीला म्हटलं, "एखादीनं असं लिहायला पाहिजे बघ. तिसरा भाऊ वाटणी मागतो, भिंत पडते, आणि तरी त्याचं न् बायकोचं प्रेम कसं टिकतं ते. ते मी नाणी मोजून वाचीन."

तिनं माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "त्याला नाणी कशाला वैनी? संध्याकाळी आमच्यात या की. दोन्ही दीर हिशेबाला बसणार हाईत."