बसकी गाडी आणि अंगणाची जमीन

बसकी स्पोर्ट्‌स गाडी म्हणजे जिचे पोट जमिनीपासून साधारण 100 ते 130 मिलिमीटरवर असते अशी गाडी. मारुती स्विफ्टसारख्या घरगुती गाडीत हे अंतर 163 मिलिमीटर होते. फरक दोन बोटांचा वाटतो, पण गाडी घरी उचलायची वेळ आली की सगळी अडचण त्या दोन बोटांतच असते. नेहमीचा ट्रॉली जॅक पूर्ण खाली बसवला तरी 130 ते 140 मिलिमीटर उंच राहतो. तो बसक्या गाडीच्या पोटाखाली शिरतच नाही.

महाराष्ट्र आणि गोव्यात स्पोर्ट्‌स गाड्या नुसत्या आयात झाल्या नाहीत, तयारही झाल्या. गोव्यात 1998 मध्ये ‘सॅन स्टॉर्म’ ही दोन आसनी गाडी बाजारात आली. पोलादी सांगाडा आणि त्यावर फायबरचे कवच अशी तिची घडण होती. 2012 च्या दिल्ली ऑटो एक्स्पोत दिलीप छाब्रिया यांच्या ‘डीसी’ने मध्यभागी इंजिन असलेली ‘अवंती’ मांडली. भारतीय रस्त्यांचा विचार करून तिचे पोट 170 मिलिमीटरवर ठेवले होते. पोर्शे 911 सारख्या परदेशी गाड्यांना ही सवलत नसते.

ठाणे जिल्ह्यातल्या सिद्धगड किल्ल्याच्या परिसरात, म्हणजे मुरबाड आणि शहापूर तालुक्यांत, बसक्या गाड्या पोचतात त्या मुंबई, ठाणे, कल्याणकडच्या लोकांच्या फार्महाऊसमुळे, माळशेज घाटाच्या रस्त्यामुळे आणि आता शहापुरातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गामुळे. महामार्ग सोडून गावाकडे वळले की गतिरोधक सुरू होतात. इंडियन रोड्‌स काँग्रेसच्या मानकातला गोल गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटीमीटर उंच असतो. एवढ्या रुंद उंचवट्यावरून गाडी चढून उतरते, पोट टेकत नाही. गावात हौसेने घातलेला हातभर रुंदीचा उभा उंचवटा मात्र पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधोमध येतो आणि खालचा पत्रा खरवडतो. मग गाडीखाली जाऊन बघणे आले, आणि त्यासाठी गाडी उचलणे आले.

उचलणे वेगळे, धरून ठेवणे वेगळे

या कामातली दोन साधने सारखी दिसली तरी त्यांची कामे वेगळी आहेत. जॅक उचलतो, स्टँड धरून ठेवतो. हायड्रॉलिक जॅक पास्कलच्या नियमावर चालतो. बंदिस्त तेलावर दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोचतो, त्यामुळे लहान दट्ट्यावरचे थोडे बळ मोठ्या दट्ट्यावर कित्येक पटींनी मिळते. मोठ्या दट्ट्याचा व्यास चौपट असेल तर क्षेत्रफळ 16 पट, म्हणून बळही 16 पट. त्यात दांड्याच्या तरफेची भर पडते आणि एक माणूस एका हाताने अर्धी गाडी उचलतो. मात्र वर गेलेली गाडी तिथे टिकते ती तेल अडवणाऱ्या रबरी सीलवर. सील फाटले किंवा झडपेत कचरा अडकला तर गाडी खाली येते, कधी हळूहळू, कधी एकदम. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली डोके, छाती किंवा हात घालू नये, हा नियम इथूनच येतो.

स्टँड, म्हणजे गॅरेजातली घोडी, यात तेल नसते. लोखंडी पायावर एक खांब सरकतो आणि दात्यात किंवा आरपार पिनेवर अडकतो. दातेरी स्टँड झटपट लागतो. पिनेचा स्टँड वेळ घेतो, पण पिन भोकातून आरपार गेली की ती डोळ्यांना दिसते. दाता नीट बसला की नाही हे बाहेरून नेहमी कळतेच असे नाही. 2020 मध्ये अमेरिकेतल्या ‘हार्बर फ्रेट’ने तीन आणि सहा टनी दातेरी स्टँड लाखोंच्या संख्येने परत मागवले, ते याच कारणाने: भार हलला की अडकण दात्यातून सुटण्याची शक्यता होती. दातेरी स्टँडच्या खांबाला सुरक्षा पिन असेल तर ती घालावीच. क्षमतेचा आकडा एका स्टँडचा आहे की जोडीचा, हेही लेबलावर वाचावे, कारण दोन्ही पद्धती रूढ आहेत.

विटा, जांभ्याचे चिरे, सिमेंटचे पोकळ ब्लॉक आणि एकावर एक रचलेले लाकडाचे तुकडे ही स्टँडची जागा घेऊ शकत नाहीत. वीट आणि ब्लॉक भिंतीत पसरलेला भार पेलतात. बोटभर टोकावर आलेला भार त्यांना न सांगता फोडतो.

जमीन

स्टँड कितीही भक्कम असला तरी गाडीचा भार शेवटी जमिनीवर येतो, आणि ग्रामीण ठाण्यात सगळ्यात कच्चा दुवा बहुधा तोच असतो. हिशेब सोपा आहे. 1,400 किलोची गाडी चार स्टँडवर ठेवली तर सरासरी 350 किलो एका स्टँडवर येतात. स्टँडच्या चार पायांची टेकण प्रत्येकी 10 चौरस सेंटीमीटर धरली तर एकूण 40. म्हणजे प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर पावणेनऊ किलो. त्याच गाडीचे टायर जमिनीवर साधारण सव्वादोन किलोने दाबत असतात. ज्या अंगणात गाडी महिनाभर न खचता उभी राहते, त्याच अंगणात स्टँडचे पाय चौपट दाबाने रुततात. स्टँडखाली 30 बाय 30 सेंटीमीटरची जाड लोखंडी प्लेट ठेवली तर हाच दाब 0.4 किलोच्या आत येतो.

भाताच्या या पट्ट्यात पावसाळ्यानंतर अंगण आणि खळे चोपून, शेणाने सारवून तयार करतात. दिवाळीच्या सुमाराला वरचा थर उन्हाने कडक वाजतो, पण खालची माती अजून ओलीच असते. असे अंगण झोडणीला उत्तम आणि स्टँडला फसवे. पेव्हर ब्लॉकचे अंगणही वाळूच्या थरावर बसलेले असते, एका ब्लॉकवर भार आला की तो एकटा खचतो. डांबर उन्हात मऊ पडते. पक्का, न तडकलेला सिमेंट काँक्रीटचा कोबा ही एकच जागा निर्धास्तपणे चालते. बाकी सगळीकडे स्टँडखाली लोखंडी प्लेट किंवा निदान 18 मिलिमीटरचा एकसंध प्लायवूडचा चौकोन हवा. पावसात भिजलेल्या मातीवर तोही पुरत नाही, तिथे काम पुढे ढकलणे हाच उपाय.

दुसरी गोष्ट उताराची. पावसाचे पाणी निघून जावे म्हणून इथल्या बहुतेक अंगणांना आणि कोब्यांना उतार दिलेला असतो. डोळ्यांना तो दिसत नाही. गवंड्याची पाणसळ किंवा लेव्हल नळी लावली की लगेच कळतो. तीही नसेल तर तांब्याभर पाणी ओतून पाहावे. पाणी एका दिशेने पळू लागले तर ती जागा सोडावी.

जॅकला चाके का असतात

जॅकचा हात वर जाताना सरळ रेषेत जात नाही, वर्तुळाच्या कमानीत जातो. त्यामुळे वरची बशी उचलता उचलता आडवीही सरकते. गाडी अडवलेली असल्याने ती सरकू शकत नाही, म्हणून सरकायचे काम जॅकने स्वतःच्या चाकांवर करायचे असते. मातीत, खडीवर किंवा पेव्हरच्या फटीत ही छोटी लोखंडी चाके अडकली की बशी गाडीच्या टेकणबिंदूवरून घसरू लागते. जॅकखालीही सपाट, कडक आणि त्याला पुढेमागे सरकता येईल एवढा लांब पृष्ठभाग हवा.

बसक्या गाडीसाठी पूर्ण खाली असताना 75 ते 90 मिलिमीटर उंच असणारा कमी उंचीचा जॅक लागतो. तरी बशीमागचा हात उंच असतो आणि लांब पुढे आलेल्या बंपरची कड त्याला लागते. त्यावर तोडगा म्हणजे फळ्या. 40 ते 50 मिलिमीटर जाडीच्या, टायरपेक्षा रुंद आणि पुढची कड तासलेल्या दोन फळ्यांवर पुढची चाके सावकाश चढवावीत. तेवढ्याने जॅक आत जातो आणि दांडा मारायला जागा मिळते.

कुठे टेकवायचे

टेकणबिंदू गाडीच्या पुस्तिकेत दाखवलेले असतात. बहुतेक गाड्यांत ते दारांखालच्या कडेला, पुढच्या चाकाच्या मागे आणि मागच्या चाकाच्या पुढे असतात. तिथे पत्र्याची उभी शिवण असेल तर खाच असलेला रबरी ठोकळा लावावा, नाहीतर शिवण मुडपते आणि गंज धरते. इंजिनाचे ऑइल चेंबर, गिअरबॉक्सचे कवच, रेडिएटरखालची पट्टी, सायलेन्सर आणि विजेवरच्या गाडीतली बॅटरीची पेटी यांवर जॅक कधीही लावू नये. सॅन स्टॉर्मसारख्या फायबरच्या गाडीत दाराखालची कड भक्कम दिसते, पण ती नुसते कवच असते. भार आतल्या पोलादी सांगाड्यावरच गेला पाहिजे. एअर सस्पेन्शनच्या गाडीत आधी ‘जॅक मोड’ लावावा लागतो, नाहीतर गाडी स्वतःच आपली उंची बदलू पाहते.

बसक्या गाडीची खास अडचण अशी, की जॅक आणि स्टँड दोघांनाही तोच बिंदू हवा असतो. त्यासाठी पुस्तिकेत परवानगी असेल तर पुढच्या आडव्या तुळईच्या मध्यावर जॅक लावून दोन्ही बाजूंचे बिंदू स्टँडसाठी मोकळे ठेवतात. पोर्शे 911 मध्ये इंजिन मागच्या आसाच्याही मागे असल्याने मागचा भाग जड आणि पुढचा हलका असतो. अशा गाडीत भाराचा मध्य कुठे आहे हे लक्षात घेऊनच उचलण्याची जागा ठरवावी लागते.

क्रम

गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक ओढावा. हाताच्या गिअरची गाडी पहिल्या गिअरमध्ये आणि ऑटोमॅटिक पार्कमध्ये ठेवावी. चाके काढायची असतील तर नट जमिनीवरच अर्धा फेरा सैल करावेत, कारण गाडी हवेत असताना पान्यावर जोर दिला तर ती स्टँडवरून ढकलली जाते.

हँडब्रेक बहुतेक गाड्यांत फक्त मागच्या चाकांना धरतो. मागे इंजिन असलेल्या आणि मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत गिअरही मागचीच चाके धरतो. मागची बाजू उचलली की दोन्ही पकडी एकदम सुटतात. अशा गाडीत आधी पुढची बाजू उचलणे बरे. मागच्या चाकांना पुढून आणि मागून लाकडी पाचरी लावाव्यात. नुसता गोल दगड गडगडतो.

पुढची बाजू थोडी उचलून स्टँड सगळ्यात खालच्या दात्यावर लावावेत, पिन घालावी आणि जॅकची झडप पाव फेरा उघडून भार हळूच स्टँडवर उतरवावा. मग मागची बाजू तशीच थोडी. एका दमात पुढची बाजू पूर्ण उंचीवर नेण्याचा मोह टाळावा. 2,450 मिलिमीटर चाकांतर असलेल्या गाडीचा पुढचा आस 350 मिलिमीटर वर नेला तर गाडी सुमारे 8 अंश कलते आणि दोन आसांतले आडवे अंतर 25 मिलिमीटरने घटते. मागची बाजू नंतर वर आली की तेच 25 मिलिमीटर परत वाढतात आणि पुढच्या स्टँडना तिरके ढकलतात. पुढे एक टप्पा, मागे एक टप्पा असे आळीपाळीने गेल्यास हे ढकलणे प्रत्येक वेळी काही मिलिमीटरच राहते. प्रत्येक टप्प्यानंतर चारही स्टँडचे पाय जमिनीला पूर्ण टेकले आहेत का, खांब उभा आहे का, हे फिरून पाहावे.

चार स्टँडवर गाडी आली की खाली जाण्याआधी बाहेर उभे राहून ती दोन्ही हातांनी जोराने हलवावी. पडायची असेल तर ती तेव्हाच पडू द्यावी. त्यानंतर जॅक एका भक्कम बिंदूला नुसता टेकवून ठेवावा आणि काढलेली चाके दाराखालच्या कडेखाली आडवी सरकवावीत. स्टँड सुटलाच तर गाडी माणसाच्या छातीऐवजी चाकावर येते.

गाडी स्टँडवर असताना कोणी आत बसू नये, दार आपटू नये. अंगणातली मुले, कुत्री आणि कोंबड्या कामापुरत्या बाहेर. एक मोठे माणूस मात्र जवळ हवेच, आणि जॅक कसा चालवायचा हे त्याला आधीच दाखवलेले हवे. अपघात झालाच तर पहिले काम जॅकने गाडी उचलणे आणि 108 ला फोन करणे. रुग्णालये मुरबाडला आणि शहापूरला आहेत. सिद्धगडाच्या पायथ्याच्या नारिवलीसारख्या गावातून तिथवर जायला वेळ लागतो, त्यामुळे फोनला रेंज कुठे मिळते हे काम सुरू करण्याआधी पाहून ठेवावे.

उतरवणे आणि साधनांची निगा

उतरवताना तोच क्रम उलटा. आधी हत्यारे आणि सुटी चाके बाहेर, मग एकेक टप्पा खाली. जॅकची झडप नेहमी अंशाअंशाने उघडावी. नट आधी हाताने, मग गाडी जमिनीवर आल्यावर टॉर्क पान्याने, समोरासमोर अशा क्रमाने पुस्तिकेतल्या आकड्यापर्यंत आवळावेत.

कोकणपट्टीच्या पावसाळ्यात जॅकच्या दट्ट्यावर गंज चढतो आणि तोच गंज सील कापतो. जून येण्याआधी दट्ट्या पूर्ण खाली बसवून, तेलाचा हात फिरवून जॅक कोरड्या जागी ठेवावा. कमी झालेले तेल जॅकच्याच हायड्रॉलिक तेलाने भरावे. ब्रेक ऑइल घातल्यास जॅकचे रबर फुगून निकामी होते. स्टँडचे दाते ब्रशने साफ करावेत, आणि वाकलेला पाय किंवा तडकलेले वेल्डिंग दिसले तर तो स्टँड दुरुस्त न करता भंगारात द्यावा.

गाडी 50 ते 100 किलोमीटर धावल्यावर, म्हणजे मुरबाडहून कल्याणला जाऊन आल्यावर, चाकांचे नट टॉर्क पान्याने पुन्हा एकदा तपासावेत. तेवढे झाले की काम पुरे.