हलगी कुणाच्या कानानं ऐकायची?

आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत गेल्या महिन्यात एक वाद रंगला. रविवारची संध्याकाळ होती, स्पर्धा परीक्षेची पुस्तकं मिटली होती आणि कुणीतरी सहज विचारलं, की सिनेमाचं पार्श्वसंगीत सर्वात भारी कोण देतो? झालं! बी.एस्सी. करणारा एक जण हान्स झिमरवर अडून बसला. 'इंटरस्टेलर'मधला तो चर्चचा ऑर्गन कानात घातल्याशिवाय त्याचा अभ्यासच सुरू होत नाही म्हणे. एका मुलीनं अजय-अतुल यांचं नाव घेतलं आणि वर बजावलं, की 'सैराट'वर कुणी बोट ठेवलं तर याद राखा. तिसरा संतोष नारायणनचा कट्टर चाहता. शेवटी सगळ्यांनी आमच्याकडे पाहिलं. आम्ही म्हणालो, "इलैयाराजा."

खोलीत शांतता पसरली. मग एकानं विचारलं, "दादा, बाबासाहेबांची आणि मोदींची बरोबरी करणारे तेच इलैयाराजा ना?"

त्या प्रश्नाचं उत्तर आम्हाला तिथं नीट देता आलं नाही. म्हणून हा लेख.

मित्रांनो, 'आवड ज्याची त्याची' असं आपल्याकडे सहज म्हटलं जातं. पण आवड इतकी निरागस नसते. एम.ए.ला समाजशास्त्रात पिअर बूर्द्यू वाचला, तेव्हा हे पहिल्यांदा नीट कळलं. १९७९ साली आलेल्या 'डिस्टिंक्शन' या ग्रंथात त्यानं दाखवून दिलं, की माणसाला काय आवडतं हे त्याच्या वर्गावरून ठरतं आणि मग त्याच आवडीवरून तो वर्ग इतरांना खाली ढकलतो. आपल्या देशात वर्गाच्या जागी आधी जात लिहावी लागेल, एवढाच फरक.

आमचं स्वतःचं उदाहरण घ्या. घरात वडिलांच्या कॅसेटी होत्या त्या वामनदादांच्या आणि प्रल्हाद शिंद्यांच्या. जयंतीला वस्तीतल्या भोंग्यावर भीमगीतं लागली की पोटात काहीतरी हलायचं. पण विद्यापीठाच्या वसतिगृहात आल्यावर मुलं जेव्हा बीथोवन आणि जॉन विल्यम्सबद्दल बोलायची, तेव्हा आम्ही कॅसेटींचं नाव काढलं नाही. 'आम्हालाही सिम्फनी आवडते' असं ठोकून दिलं. तोवर एकही सिम्फनी ऐकलेली नव्हती. कुणी मारलं नाही, कुणी शिवी दिली नाही, तरी आम्ही आमचे कान लपवले. जात अशीही काम करते.

त्याच वसतिगृहात एका तमिळ मित्रानं 'नायकन' दाखवला. १९८७ चा मणिरत्नमचा सिनेमा, मुंबईतल्या तमिळ वस्तीची गोष्ट आणि संगीत इलैयाराजांचं. त्यात एक साधी, अंगाईसारखी चाल आहे. ती सिनेमाभर परत परत येते. माणसं मरतात, नायक म्हातारा होत जातो आणि तीच चाल दर वेळी वेगळं दुःख घेऊन येते. भाषा कळत नव्हती, पण आमचे डोळे भरले. मित्र म्हणाला, "हा माणूस आपला आहे."

मग आम्ही शोधत गेलो. इलैयाराजांचा जन्म १९४३ चा, आताच्या तेनी जिल्ह्यातल्या पन्नैपुरम या खेड्यातल्या दलित कुटुंबातला. थोरले भाऊ पावलर वरदराजन कम्युनिस्ट पक्षाच्या प्रचारासाठी गाण्यांचे कार्यक्रम करायचे. पोरसवदा इलैयाराजा त्या भावासोबत गावोगाव फिरले. हे वाचल्यावर आम्हाला भीमराव कर्डकांचे आंबेडकरी जलसे आठवले. तीच पायपीट, तोच उघड्यावरचा रंगमंच, तेच लोक. १९७६ साली 'अन्नकिळी'पासून त्यांची संगीतकार म्हणून सुरुवात झाली. ज्या मद्रासमध्ये कर्नाटक संगीताच्या सभांवर ब्राह्मणी वर्चस्व होतं, तिथं हा माणूस पाश्चात्त्य स्वरलिपी शिकला आणि पूर्ण वाद्यवृंदाचं संगीत स्वतःच्या हातानं कागदावर लिहू लागला. त्यानं लिहायचं आणि बाकीच्यांनी ते वाचून वाजवायचं! लिहिण्या-वाचण्याचा हक्क नाकारला गेलेल्या समाजातून आलेल्या माणसासाठी हे केवढं मोठं उलथणं आहे, हे वाचकांना वेगळं सांगायला नको.

आता 'नायकन'च्या शेजारी 'काला' ठेवून पाहा. २०१८ चा पा. रंजितचा सिनेमा. पुन्हा धारावी, पुन्हा तमिळ माणसं, पण संगीत संतोष नारायणनचं. इथं धारावीतल्याच 'डोपअडेलिक्स' या रॅप करणाऱ्या पोरांचा आवाज आहे. ढोल आहेत, घोषणा आहेत, गर्दी आहे. 'नायकन'चं संगीत आपल्याला एका माणसाच्या काळजात नेतं, तर 'काला'चं संगीत आपल्याला गर्दीत उभं करतं. पहिल्यात वस्ती ही नायकाच्या दुःखाची पार्श्वभूमी आहे. दुसऱ्यात वस्तीच नायक आहे. शेवटी काळा, लाल आणि निळा रंग उधळला जातो तेव्हा संगीत एका माणसाचं राहतच नाही.

कोणतं चांगलं? अभ्यासिकेतल्या पोरांना 'काला' हवा होता. आम्ही प्रामाणिकपणे सांगतो, एकटे असताना आम्ही 'नायकन' ऐकतो आणि मोर्चाच्या आदल्या रात्री 'काला'. दोन्हीची गरज आहे. चळवळीतल्या माणसाला एकट्यानं रडायची मुभा नसेल, तर तो फार काळ लढू शकत नाही, असं आमचं मत आहे.

आपल्या मराठीकडे येऊ. अजय-अतुल यांनी २०१६ च्या 'सैराट'साठी लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर जाऊन पाश्चात्त्य वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला. तेव्हा बऱ्याच जणांनी नाकं मुरडली. गावच्या गोष्टीला हॉलिवूडची व्हायोलिनं कशाला? आमचं उत्तर सरळ आहे. इतकी वर्षं ती व्हायोलिनं स्वित्झर्लंडच्या बर्फात नाचणाऱ्या श्रीमंत नायकासाठी वाजत होती. करमाळ्याकडच्या विहिरीत उडी मारणाऱ्या, मासेमारी करणाऱ्या घरातल्या पोराच्या प्रेमाला तीच भव्यता का मिळू नये? नागराज मंजुळे आणि अजय-अतुल यांनी ती दिली. आणि शेवटी, जिथं प्रेक्षकाला संगीताचा आधार सर्वात जास्त हवा असतो, नेमकं तिथंच आवाज काढून घेतला. लहान लेकराची रक्ताची पावलं उमटतात आणि थिएटरमध्ये काहीही ऐकू येत नाही. सगळा वाद्यवृंद एवढ्यासाठीच उभा केला होता असं वाटतं, की तो गेल्यावर पोकळी कळावी.

पण पुढं काय झालं? 'झिंगाट' लग्नालग्नात वाजलं. आंतरजातीय लग्न केलं म्हणून पोरीला घरातून तोडणाऱ्यांच्या वरातीतही वाजलं. समाजानं गाणं घेतलं आणि ती शांतता थिएटरातच सोडून दिली. हा दोष संगीतकारांचा नाही. पण आपण काय ऐकतो आणि काय ऐकायचं टाळतो, हे यातून दिसतं.

'फँड्री' त्याहून काटकसरीचा. त्याचं पार्श्वसंगीत अलोकनंदा दासगुप्ता यांचं आहे. जब्या आणि त्याचं कुटुंब डुकराच्या मागं धावत असताना शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं, सगळे जागच्या जागी थांबतात आणि डुक्कर निघून जातं. कुठल्याही संगीतकाराला यापेक्षा भेदक पार्श्वसंगीत सुचलं नसतं, कारण ते त्या गावातच वाजत होतं. 'कोर्ट'मध्येही बाहेरून आणून चिकटवलेलं संगीत जवळजवळ नाही. जे आहे ते संभाजी भगत यांच्या शाहिरीचं, आणि ते मंचावर उभं राहून, पोलिसांच्या देखत गायलं जातं.

आता मूळ दुखण्याकडे येतो.

गेल्या वर्षी जयंतीच्या नियोजनाची बैठक होती. अभ्यासिकेत येणारा मातंग समाजातला एक मुलगा उभा राहिला. तो हलगी फार सुंदर वाजवतो. म्हणाला, "या वेळी डीजे नको, आमचं पथक वाजवील. पैसे पण नकोत." समितीतले एक वयस्कर काका एकदम उसळले. "पाटलाच्या दारात वाजवायचं सोडलं, ते बाबासाहेबांच्या मिरवणुकीत वाजवायला का?" बैठक गप्प झाली. मुलगा खाली बसला आणि नंतर काही महिने अभ्यासिकेकडे फिरकला नाही.

त्या काकांचं दुःख आम्हाला ठाऊक होतं. आमच्या आजोबांनीही गावकीचं वाजवणं सोडलं होतं. आजी सांगायची, की धम्म घेतल्यावर त्यांनी हलगी चुलीत घातली आणि गावानं कित्येक दिवस त्यांना काम दिलं नाही. ती जळालेली हलगी आमच्या घराचा पहिला नकार होता, पहिलं स्वातंत्र्य होतं. म्हणूनच सिनेमात कुठं हलगी कडाडली की बाकीचं थिएटर शिट्ट्या मारतं आणि आमच्या अंगावर काटा येतो. त्यात आनंद किती आणि जुनी लाज किती, हे आजही सांगता येत नाही.

पण त्या बैठकीत आम्ही तोंड उघडलं नाही, हे इथं कबूल करायला हवं. कारण त्या नकारात फक्त स्वाभिमान नव्हता, थोडी जातही होती. 'आम्ही सोडलं, तुम्ही अजून सोडलं नाही' हा सूर होता. जातिअंताची भाषा करणाऱ्या बैठकीत एका पोराला त्याच्या वाद्यावरून खाली बसवलं गेलं आणि आम्ही, समाजशास्त्राची पदवी खिशात घेऊन, चहा पीत राहिलो.

यंदा आम्ही अभ्यासिकेत 'कर्णन' दाखवला. मारी सेल्वराजचा २०२१ चा सिनेमा, संगीत संतोष नारायणनचं. तो मुलगा आला होता, मागं बसला होता. सुरुवातीच्याच गाण्यात किडकुळी मारियम्मल या लोकगायिकेचा खरखरीत आवाज येतो, तालवाद्यं उसळतात, आणि आम्ही पाहिलं, की त्या मुलाची बोटं बाकावर चालू लागली. सिनेमा संपल्यावर त्यानं विचारलं, "दादा, हे लोक लाजत नाहीत का?"

आम्ही त्याला परैबद्दल सांगितलं. परै म्हणजे तमिळ मुलुखातली हलगीच, तशीच आगीवर शेकून ताणायची. तिच्यावरूनच परैयर हे जातीचं नाव आणि त्यावरूनच इंग्रजांचा 'पराया' म्हणजे बहिष्कृत हा शब्द आला. तिथंही हाच झगडा झाला. काहींनी परै गुलामीची खूण म्हणून टाकून दिली. काहींनी गेल्या काही दशकांत ती उचलून मोर्चाच्या पुढं धरली. दोघांचाही प्रश्न एकच होता, की कुणाच्या हुकमानं वाजवायचं? मयताला बोलावलं म्हणून वाजवणं वेगळं आणि स्वतःच्या सभेत स्वतः ठरवून वाजवणं वेगळं. वाद्य तेच राहतं, हुकूम बदलतो.

आणखी एक गोष्ट त्यातून शिकण्यासारखी आहे. २०१८ च्या 'ब्लॅक पँथर'साठी लुडविग योरानसन हा स्वीडिश संगीतकार सेनेगलला गेला, गायक बाबा माल यांच्यासोबत फिरला आणि तिथल्या 'बोलणाऱ्या ढोला'ला त्यानं राजाचा आवाज बनवलं. २०१९ मध्ये त्याला ऑस्कर मिळालं. त्याच वर्षीच्या नामांकनात टेरेन्स ब्लँचर्ड होता, 'मालकम एक्स'ला संगीत देणारा कृष्णवर्णीय संगीतकार. योरानसनचं काम उत्तम आहे, मेहनतीचं आहे. पण ढोल आपला, प्रतिष्ठा मात्र तो बाहेरच्यानं उचलल्यावरच, असं किती दिवस चालायचं? आपल्या पोराची हलगी मोठ्या पडद्यावर आल्यावर आपण टाळ्या वाजवणार आणि वस्तीत वाजली तर गप्प करणार, हा दुटप्पीपणा आपल्याला शोभत नाही.

आता त्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर. एप्रिल २०२२ मध्ये इलैयाराजांनी त्या पुस्तकाला प्रस्तावना लिहिली आणि जुलैमध्ये राज्यसभेवर त्यांचं नामनिर्देशन झालं. ती प्रस्तावना आम्हाला मान्य नाही. बाबासाहेबांचं नाव सत्तेच्या गळ्यात हार म्हणून घालणं कुणीही केलं तरी ते चूकच आहे, आणि 'कलावंत वेगळा, माणूस वेगळा' अशी पळवाटही आम्हाला नको. पण राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते, हा इशारा बाबासाहेबांनीच नोव्हेंबर १९४९ मध्ये संविधान सभेत दिला होता. तो आवडीलाही लावून पाहा. आम्ही इलैयाराजांचे भक्त नाही, म्हणून त्यांच्या प्रस्तावनेवर टीका करू शकतो. आणि भक्त नाही म्हणूनच त्या टीकेपायी त्यांनी कमावलेली स्वरलिपी फेकून देण्याची आम्हाला गरज वाटत नाही. पन्नैपुरमच्या पोरानं मिळवलेली ती विद्या एका प्रस्तावनेहून मोठी आहे. तिच्यावर आपल्या पोरांचा हक्क आहे.

म्हणून अभ्यासिकेतल्या पोरांना आमचं सांगणं एवढंच, की झिमर ऐका, संतोष ऐका, अजय-अतुल ऐका. पण ऐकताना विचारा, की हे संगीत मला कुणाच्या बाजूला उभं करतंय? आणि जमलं तर स्वरलिपी शिका.

येत्या रविवारी समितीची बैठक आहे. त्या मुलाला आम्ही सोबत घेऊन जाणार आहोत. काकांच्या शेजारी बसून आधी आमच्या आजोबांच्या जळालेल्या हलगीची गोष्ट सांगू आणि मग त्या मुलाचा प्रस्ताव पुन्हा मांडू. मंजूर होईल की नाही, माहीत नाही. पण या वेळी आम्ही गप्प बसणार नाही.

जय भीम!