फुकटचा रकाना

साताऱ्याच्या एका बाईंचं माझ्यावर ऋण आहे. आकड्यात सांगायचं तर सहा लाखांचं. त्यांनी मला कधी पैसे दिलेले नाहीत. उलट पहिल्या भेटीत चहाचे दहा रुपये रोख मोजून घेतले. पण माझ्या खात्यातून सहा लाख त्यांच्या खात्यात जायचे होते, आणि ते जाऊ नयेत याची तजवीज त्यांनी स्वतःच केली.

भोसरीतल्या सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी क्वालिटीला होतो. प्लांट दुसरीकडे हलवायचं ठरलं आणि सेहेचाळिसाव्या वर्षी व्हीआरएसचा चेक हातात पडला. मुलगी बारावीला, घराचे हप्ते चालू. या वयात नवी नोकरी मिळते ती जुन्या पगाराच्या निम्म्यावर. मग माणूस 'स्वतःचं काहीतरी' या दिशेला वळतो. खरं तर जन्मभर नोकरी केलेल्याला धंदा नको असतो, धंद्यासारखी दिसणारी नोकरी हवी असते: कुणीतरी पाटी द्यावी, कृती द्यावी, काय करायचं ते सांगावं, आपण इमानेइतबारे करत राहावं. फ्रँचायझी नेमकी हीच गरज ओळखते. पुण्यात तेव्हा दर चौकात नव्या अमृततुल्याची पाटी लागत होती. राजस्थानातून आलेल्या कुटुंबांनी पितळी पातेल्यावर, वेलची-आलं कुटून जो चहा पुण्याला लावला, त्याची आता पाकिटं झाली होती आणि पाकिटांच्या शाखा.

ज्या कंपनीकडे मी गेलो तिचं नाव सांगत नाही. तसं वागणारी ती काही एकटी नव्हती. ऑफिसात एसी, भिंतीवर उद्घाटनांचे फोटो, आणि समोर 'सर, सर' म्हणणारा पंचविशीतला मुलगा. नोकरी गेल्यानंतर मला कुणी सर म्हणायचं राहिलंच होतं, त्यामुळे ते कानाला बरं वाटलं. त्याने एक छापील कागद पुढे सरकवला. रोजचा खप ९०० कप, कपाला खर्च साडेचार रुपये, विक्री दहा. भाडं, पगार, वीज वजा जाता महिन्याला लाखभर सुटतात. खाली ठळक अक्षरात: रॉयल्टी शून्य. नवीन दुकान टाकण्यापेक्षा साताऱ्याचं चालू दुकान ट्रान्सफरला आहे ते बघा, असं तो म्हणाला. गिऱ्हाईक बांधलेलं आहे, घरगुती अडचणीमुळे देतायत. दुकानाची मांडणी आणि जागेचं डिपॉझिट मिळून सहा लाख सध्याच्या मालकांना, नव्या करारापोटी तीन लाख कंपनीला, वर १८ टक्के जीएसटीचे ५४ हजार. 'दोन पार्ट्या लाइनमध्ये आहेत सर.'

स्वारगेटहून विनाथांबा गाडी पकडून मी साताऱ्याला गेलो. पोवई नाक्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर दुकान. काउंटरमागे पन्नाशीच्या बाई, ओट्यावर एक कारागीर, आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर बाईंचे यजमान. ते एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्या ग्रॅच्युइटीचे पैसे या दुकानात होते. मी दुकान बघायला आलोय म्हटल्यावर यजमान लगबगीने उठले, स्टूल पुसून मला दिलं. बाईंनी चहा दिला आणि दहा रुपये घेतले. यजमान म्हणाले, 'अगं, पाहुण्यांकडून काय घेतेस?' तर म्हणाल्या, 'नाहीतर फुकटच्या रकान्यात लिहावा लागेल. आधीच तो भरलाय.'

फुकटचा रकाना म्हणजे काय, ते पुढच्या अर्ध्या तासात कळलं. बाईंनी गल्ल्याखालून एका विमा एजंटाने दिलेली जाडजूड डायरी काढली. प्रत्येक पानावर पट्टीने आखलेले रकाने: दूध, फाटलं, फुकट, उधार, कप. कप मोजायची त्यांची रीत अशी की शंभराच्या किती नळ्या फुटल्या आणि शेवटच्या नळीत किती उरले ते रात्री मोजायचं. चहा सांडला, तरी कप खर्ची पडतोच. आम्ही क्वालिटीवाले रिजेक्शनची कारणं लिहून ठेवतो तशी त्यांची 'फाटलं'समोर बारीक अक्षरात नोंद: दुपारचं दूध उशिरा आलं, लाइट गेली, पातेलं नीट धुतलं नव्हतं. 'फुकट'मध्ये जागामालकांचा सकाळ-संध्याकाळचा चहा, शेजारच्या एटीएमचा वॉचमन, वर्गणीला आलेली मंडळं. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या नोंदी तपासल्या; इतकी स्वच्छ नोंदवही क्वचितच पाहिली असेल.

'भाऊ, कंपनीनं तुम्हाला नऊशे कप सांगितलं असंल,' त्या म्हणाल्या. 'हे बघा.' सरासरी ४२० होती. पावसाळ्यात साडेपाचशेच्या पुढे, एप्रिल-मे महिन्यांत तीनशेच्या खाली, कारण उन्हाळ्यात समोर रसवंती लागते आणि कॉलेजची पोरं गावाला जातात. कंपनीचा माणूस खप बघायला आला होता तो जुलैमध्ये.

मग कपाचा खर्च. दूध तीन रुपये नव्वद पैसे, कंपनीची पावडर-मसाला एक तीस, साखर पन्नास पैसे, कागदी कप साठ, गॅस पन्नास. एकूण सहा ऐंशी. हातात राहतात तीन वीस. ४२० कपांचे महिन्याला चाळीस हजार. भाडं सोळा, दोन मुलांचे पगार तेरा-तेरा, वीज अडीच. बेरीज मी मनात केली आणि त्यांच्याकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, 'म्हणून एक पोरगं कमी केलं नि मीच उभी राहते. बिस्किट, खारी, क्रीमरोलचे चार-एक हजार धरून तेरा हजार उरतात. म्हणजे मी माझ्याच दुकानात पोऱ्याच्या पगारावर आहे.'

या सगळ्यात यजमान दोनदा खाकरले. एकदा म्हणाले, 'त्यांना दूध कुठनं येतं ते सांग की.' बाईंनी ऐकलं न ऐकलंसं केलं आणि पान उलटलं.

रॉयल्टी शून्य याचा अर्थही मला त्याच स्टुलावर बसून लागला. पावडर आणि मसाला कंपनीकडूनच घ्यायचा, असं करारात कलम. तोच माल मार्केट यार्डात काय भावाने पडतो ते बाईंनी काढून ठेवलं होतं. फरक किलोमागे भरपूर होता. रॉयल्टी पाकिटात बसून येत होती, एवढंच. यात बेकायदेशीर काही नाही. अमूलही आपल्या पार्लरवाल्यांकडून रॉयल्टी घेत नाही, पण तिथे मालावर ठरलेलं कमिशन असतं, दुधाच्या पिशवीवर कमी, आइस्क्रीमवर जास्त, आणि पिशवीवर छापील किंमत असते. आपल्याला किती सुटणार हे सही करायच्या आधी कळतं. इथे ते डायरी लिहिणाऱ्यालाच कळणार.

जीएसटीचं गणित मी नंतर ओळखीच्या कर सल्लागाराकडून समजून घेतलं. चहाचं दुकान रेस्टॉरंटच्या सेवेत मोडतं. तिथे ५ टक्के कर आणि इनपुट क्रेडिट नाही. उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणीच लागत नाही, म्हणजे तेव्हाही क्रेडिट नाही. थोडक्यात, ते ५४ हजार कुठूनही परत येणार नव्हते. गंमत अशी की बाईंची वर्षाची चहाची विक्री १५ लाखांच्या आसपास. कंपनीच्या कागदाप्रमाणे नऊशे कप खरंच खपले असते, तर बत्तीस लाखांवर जाऊन नोंदणी करावी लागली असती आणि दहा रुपयांतूनच कर भरावा लागला असता. त्या कागदात या कराला जागाच नव्हती.

निघताना यजमान मला स्टँडपर्यंत सोडायला आले. वाटेत हवापाण्याचं बोलले. गाडी लागलेली होती. त्यांनी सवयीने पाटी वाचली, कुठल्या बाजूला ऊन लागणार नाही ते सांगितलं आणि म्हणाले, 'तिनं सांगितलं ते खरं आहे. मी सांगितलं नसतं.' मला त्यांचा राग आला नाही. आजही येत नाही. आयुष्यभराची शिल्लक अडकलेली असताना गप्प बसणं, हे काही खोटं बोलणं नव्हे. म्हणून तर बाईंनी जे केलं त्याची किंमत मला त्यांच्या वाक्यानंतर कळली.

न्यू जर्सीतल्या मावसभावाला हे फोनवर सांगितलं. त्याने स्वतः एकदा सँडविचच्या दुकानाची चौकशी केली होती. तो म्हणाला, इकडे कंपनीला सही आणि पैसे घेण्याच्या किमान १४ दिवस आधी जाडजूड दस्तऐवज द्यावा लागतो. १९७९ पासून तिथे हा नियम आहे. आता त्यात २३ बाबी असतात. एक बाब अशी की गेल्या वर्षभरात ज्यांनी दुकान सोडलं, त्यांची नावं आणि संपर्क. त्याने त्यातल्याच काही जणांना फोन लावले होते आणि नाद सोडला होता. आपल्याकडे फ्रँचायझीसाठी वेगळा कायदा नाही. १८७२ चा करार कायदा, ट्रेडमार्कचा कायदा, झालंच तर ग्राहक आणि स्पर्धा कायदे, यांच्यातून वाट काढायची. सोडून गेलेल्यांची यादी देण्याचं बंधन कंपनीवर नाही. ती फोटोंतली माणसं दाखवते, आणि फोटो उद्घाटनाच्या दिवशीचे असतात. तेवीस बाबींतली ती एक बाब साताऱ्यात एका बाईने पदरमोड करून मला वाचून दाखवली.

फ्रँचायझी म्हणजे फसवणूक, असं मी म्हणणार नाही. आमच्या आळीत मोंजिनीजचं केकचं दुकान वर्षानुवर्षं चालू आहे आणि चालवणाऱ्याची दोन मुलं त्यावर शिकली. पाटीला किंमत असते. पण ती किंमत तुमच्या गल्लीत, तुमच्या भाड्यात वसूल होते का, हे पाटी सांगत नाही.

मी घेतलं नाही. आता भोसरीतल्याच छोट्या वर्कशॉपना मोजमापाची हत्यारं तपासून आणि ऑडिटची कागदपत्रं तयार करून देतो. उत्पन्न जुन्या पगाराएवढं नाही. कंपनीच्या मुलाचे फोन काही दिवस येत राहिले, मग दुसरं कुणीतरी सर झालं असावं.

दिवाळीला मी साताऱ्याला फोन करतो. पहिल्या दिवाळीला फराळ पाठवतो म्हटलं तर बाई म्हणाल्या, 'आमच्याकडं काय चकल्या होत नाहीत व्हय?' परतफेडीचा विषय तिथेच संपला. पुढच्या वर्षी बातमी होती: दुकान गेलं. घेणाऱ्यालाही त्यांनी डायरी दाखवली होती. त्याने ती नीट वाचली आणि तरीही घेतलं, कारण त्याचा कॉलेजजवळ स्वतःचा गाळा होता. सोळा हजारांची ओळच त्याच्या हिशेबात नव्हती. कंपनीची परवानगी काढून त्याने सगळं सामान तिकडे हलवलं. मांडणीचे तीन लाख मिळाले, डिपॉझिटचे दीड लाख जागामालकाने परत केले.

'म्हणजे साडेचार,' मी म्हणालो.

'हो. तुम्ही घेतलं असतं तर सहा आले असते, ते मलाबी कळतं की,' त्या म्हणाल्या.

यावर काय बोलायचं ते मला सुचलं नाही. मग त्यांनीच माझ्या कामाचं विचारलं. महिन्याला किती वर्कशॉप होतात, पैसे वेळेवर देतात का, उधारी किती थकलीय, पेट्रोल किती जातं. मी सांगत गेलो. मध्येच पलीकडून आवाज आला, 'थांबा भाऊ, जरा हळू. लिहून घेते.'