रजा म्हणजे विश्रांती नव्हे

26 एप्रिल 1993 च्या दुपारी औरंगाबादच्या चिकलठाणा विमानतळावरून मुंबईला निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं बोइंग 737 धावपट्टी संपता संपता जेमतेम उचललं गेलं आणि पलीकडच्या बीड रस्त्यावरून जाणाऱ्या कापसाच्या गाठींच्या ट्रकला त्याचं चाक लागलं. पुढे विजेच्या तारा आडव्या आल्या. 118 पैकी 55 जण गेले. वैमानिकांनी विमान उशिरा आणि चुकीच्या पद्धतीने उचललं, हे चौकशीत निघालंच. पण उड्डाणाच्या वेळी त्या रस्त्यावरची वाहतूक रोखली गेली नाही, हा दोष तेव्हाच्या विमानतळ प्राधिकरणाच्या पदरी पडला. इथे थकव्याचा प्रश्न नव्हता. तरी वैमानिकांच्या झोपेचा विषय निघाला की मला हा अहवाल आठवतो, कारण चूक शोधताना तो कॉकपिटपाशी थांबला नाही.

विमान वाहतूक नियामक संस्था डीजीसीएने जानेवारी 2024 मध्ये वैमानिकांच्या ड्यूटीचे नवे नियम काढले, तेव्हा तीही कॉकपिटच्या बाहेरच पाहत होती. साप्ताहिक विश्रांती 36 तासांवरून 48 वर गेली, रात्रीची व्याख्या पहाटे पाचऐवजी सहापर्यंत ताणली, रात्रीची लँडिंग सहावरून दोनवर आली. अंमल जून 2024 पासून व्हायचा होता. कंपन्यांची कुरकुर झाली, तारीख लांबली, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि शेवटचा टप्पा 1 नोव्हेंबर 2025 ला लागू झाला. महिनाभरातच इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली. मग डीजीसीएने त्या कंपनीला रात्रीच्या ड्यूटीच्या नियमांतून 10 फेब्रुवारी 2026 पर्यंत सूट दिली, आणि साप्ताहिक विश्रांतीच्या जागी रजा धरू नये हे कलम तर सगळ्यांसाठीच मागे घेतलं. हे कलम दिसायला किरकोळ आहे. बहिणीच्या लग्नाला दोन दिवसांची रजा काढून मांडवात जागलेल्या वैमानिकाच्या रोस्टरवर तेच दोन दिवस विश्रांती म्हणून लागू शकतात; कलम नेमकं ते अडवत होतं.

प्रवासी विमानतळांवर अडकलेले असताना डीजीसीएने दुसरं करायचं काय, असं विचारलं जातं. त्या दिवसापुरता हा सवाल रास्त आहे. पण नियम माहीत होऊन जवळजवळ दोन वर्षं झाली होती, आणि त्याच कंपनीला हिवाळी वेळापत्रकात आठवड्याला 15,014 उड्डाणांची मंजुरी मिळाली होती, आदल्या हिवाळ्यापेक्षा साडेनऊ टक्क्यांहून जास्त. तेवढ्या उड्डाणांना पुरतील इतके विसावलेले वैमानिक आहेत का, हे मंजुरी देणाऱ्याने आधीच पाहायला नको का? थकवा मोजता येत नाही, ही दुसरी हरकत. खरं आहे, रक्त तपासून तो सापडत नाही. पण 22 मे 2010 ला मंगळूरला 158 बळी घेणाऱ्या अपघातात कॉकपिटच्या ध्वनिमुद्रणात कॅप्टनचं घोरणं सापडलं, आणि चौकशीने झोपेतून उठल्यावरच्या गुंगीकडे बोट दाखवलं. 2020 च्या कोझिकोड अपघाताचा अहवाल तर थेट मनुष्यबळावर येतो: तळावर कॅप्टन कमी, दुसऱ्या दिवशीचं उड्डाण त्याच कॅप्टनच्या नावावर, म्हणून तिथेच उतरण्याची ओढ. इथे दडपण आणायला कुणाचा फोन यावा लागला नाही, रोस्टर पुरेसं होतं.

तिसरी हरकत आमच्यासारख्या शहरांची, आणि ती मला सर्वांत जड वाटते. वैमानिक कमी पडले की दिल्ली-मुंबई मार्गाआधी चिकलठाण्याची फेरी कापली जाणार. वाळूज-शेंद्र्याचे उद्योजक आणि अजिंठा-वेरूळचे पर्यटक यांना ती परवडत नाही. म्हणून इथे सैल नियमांची बाजू घेणं सोपं जातं. पण सैल नियमांनीही फेऱ्या वाचल्या नाहीत. डिसेंबरमध्ये शेवटी सरकारनेच इंडिगोचं वेळापत्रक दहा टक्क्यांनी कापलं. ती कात्री ऑक्टोबरमध्ये, मंजुरीच्या कागदावर चालवता आली असती. चिकलठाण्याची एखादी फेरी तेव्हाही गेली असती, पण तिची तिकिटं विकायच्या आधी.