वाफ कुठे थांबवावी

कॅपुचिनो आधी कानांना कळते. इटलीत बार म्हणजे सकाळी कॉफी प्यायची जागा. तिथे काउंटरला टेकून उभं राहावं. यंत्राची वाफ थंड दुधात शिरते आणि कापड टरकावल्यासारखा बारीक आवाज येतो. तेवढ्या क्षणांत दूध हवा घेतं. मग नळीचं टोक किंचित खाली जातं, आवाज जडावतो, दूध भांड्यात गरगरू लागतं आणि मोठे बुडबुडे विरून तकतकीत, दाट फेस उरतो.

बारिस्ताचा, म्हणजे कॉफी बनवणाऱ्याचा, तळवा भांड्याला लागलेला असतो. ५५ अंशांच्या आसपास हाताला चटका जाणवतो आणि वाफ बंद होते. कॅपुचिनोचं सगळं मर्म मला या थांबण्यात दिसतं. एवढ्या उबेला दुधाची गोडी जिभेवर उलगडते आणि प्रथिनं इवल्या बुडबुड्यांना धरून ठेवतात. ७० अंशांपलीकडे उकळल्या दुधाचा वास येऊ लागतो. वर येईपर्यंत दूध तापवायची आपल्या घरांतली रीत; म्हणून अस्सल कॅपुचिनो आपल्याला प्रथम कोमट वाटते. दुसरा घोट सावकाश घ्यावा. साखरेची पुडी तशीच राहते.

मापही लहानच: २५ मिलिलिटर एस्प्रेसो, म्हणजे दाबानं काढलेली दाट कॉफी, आणि १०० मिलिलिटर दूध, जे फेसाळून सव्वाशेच्या घरात जातं. भल्यामोठ्या पेल्यात कॉफी दुधात हरवते, तिला मी कॅपुचिनो म्हणणार नाही.

मिलानच्या लुइजी बेत्सेरानं १९०१ मध्ये वाफेवर चालणाऱ्या कॉफीच्या यंत्राचं पेटंट घेतलं, तरी एस्प्रेसोवरचा सोनेरी तवंग आला तो दुसऱ्या महायुद्धानंतर, अकिले गाज्जाच्या दांड्याच्या यंत्रांतून. फेसाभोवतीची तांबूस कडा ही त्याचीच देणगी.

त्रिएस्तेत मात्र मागताना जपावं. १९१८ पर्यंत ऑस्ट्रिया-हंगेरीचं असलेलं हे बंदर आपली कॉफीची बोली सांभाळून आहे. तिथे ‘कापो’ म्हटलं की एस्प्रेसोच्या चिमुकल्या कपात थोडं फेसाळ दूध घातलेली कॉफी येते. तीच काचेच्या पेल्यात हवी तर ‘कापो इन बी’.

दुपारच्या जेवणानंतर इटलीतली माणसं सहसा कॅपुचिनो घेत नाहीत, कारण भरल्या पोटावर दूध जड. तिची वेळ सकाळची, सोबत कोर्नेत्तो हा क्रोसाँसारखा गोड पाव. टेबलाशी बसलं तर अनेक ठिकाणी दर वाढतो, पण उभ्यानं पिण्याचं पैशांपेक्षा मोठं कारण फेसाचं आहे: थोड्याच मिनिटांत तो दुधापासून सुटून वर येतो आणि खाली पातळ कॉफी राहते. म्हणून उभ्यानंच, गप्पा सुरू होण्याआधी प्यावी.